ठिपका कोणी ठेवायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



शेतीवर आलेले संकट आणि मोबाईलमधला नकाशा, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा काढला होता, त्यात कोकण वऱ्हाडाएवढे रुंद झाले होते." त्या म्हणाल्या, "तुमच्या माहेरी टोळ आले आणि सासरी लम्पी आली. या विषयाला तेवढे शिक्षण पुष्कळ." त्यांच्यापुढे माझे काही चालले नाही. मग मुलाकडून वाचून घेतले, कृषी सहायकांना विचारले (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणायचे), जनावरांच्या दवाखान्यात दोन दुपारी जाऊन बसले. ते आज आपल्यापुढे ठेवते.

माझे माहेर मोर्शी तालुक्यातले, हे आपल्याला माहीत आहे. २०२० सालच्या मे महिन्यात टाळेबंदी होती आणि आपण सगळ्या घरात कोंडून होतो. माहेरच्या बगीच्यात आंबिया बहाराची संत्री नुकती धरली होती. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "ताई, आभायातून काहीतरी येऊन राह्यलं. ढग म्हणावा तं आवाज करते!" ते टोळ होते. मध्य प्रदेशातून सातपुडा ओलांडून ते मोर्शी-वरूड भागात उतरले, पुढे वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडे आणि नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडे गेले. लोकांनी थाळ्या, डबे, टिनाचे पत्रे, जे हाती लागेल ते बडवले. दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका संकटासाठी वाजवलेल्या थाळ्या पुन्हा बाहेर निघाल्या.

पण थाळीने टोळ मरत नाही. तो उठतो आणि शेजाऱ्याच्या वावरात जाऊन बसतो. टोळ दिवसा वाऱ्याबरोबर उडतो, एका दिवसात दीडशे किलोमीटरही जाऊ शकतो. रात्री मात्र तो झाडावर निपचित बसतो. मारायचा तर तेव्हाच, ऊन अंगावर येण्याच्या आत. त्यासाठी रात्रीच ट्रॅक्टरचे फवारे आणि अग्निशामक दलाचे बंब नेमक्या झाडांपाशी उभे राहायला हवेत. म्हणजे सगळी मदार एका प्रश्नावर. संध्याकाळी थवा बसला कुठे?

संध्याकाळी भावाला तोच प्रश्न फोनवर विचारला गेला. वहिनी पलीकडून ओरडली, "नाल्याच्या पल्याडच्या बाभयीवर अन् मोठ्या लिंबावर!" आता आमच्या माहेरी नाले दोन आणि मोठे लिंब चार. विचारणारा शहाणा होता. तो म्हणाला, कोणीतरी झाडाखाली जाऊन मोबाईलवर ठिकाण पाठवा. माझी पुतणी, तेव्हा नववीत असलेली, आपल्या बापाच्या मागे मागे गेली आणि झाडाखाली उभी राहून तिने ते बटण दाबले. आभाळातल्या उपग्रहांकडून त्या जागेचे आकडे मोबाईलला मिळतात, आणि दहा-वीस पावलांच्या फरकाने ते झाड नकाशावर येते. पहाटे बंब आला तो वाट न चुकता आला. गावाची निम्मी रात्र वाचली असे भाऊ म्हणतो.

भगिनींनो, हे एवढेसे बटण कोणत्या मोठ्या साखळीची शेवटची कडी आहे ते कळल्यावर मला नवल वाटले. टोळांवर नजर ठेवणारी आपली सरकारी संघटना १९३९ साली स्थापन झाली, तिचे क्षेत्रीय मुख्यालय जोधपूरला आहे. आणि रोम शहरात संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आहे, ती सगळ्या जगातल्या वाळवंटी टोळांचा नकाशा ठेवते. वाळवंटात फिरणारा माणूस टोळ दिसला की हातातल्या यंत्रात ठिकाण, रंग, थव्याचा आकार भरतो, आणि ते उपग्रहामार्फत कचेरीत पोहोचते. २०२० साली याचेच एक रूप साध्या मोबाईलवर चालेल असे तयार झाले. रोमच्या नकाशात या ठिपक्यांबरोबर पाऊस कुठे पडला, हिरवळ कुठे उगवली, वारा कुठून कुठे वाहतो हेही असते. पातळ कागदावर चार वेगवेगळे नकाशे काढून ते एकावर एक ठेवले आणि उजेडात धरले, तर जसे दिसेल तसे ते दिसते. इंग्रजी नावे सोडून द्या, काम एवढेच आहे.

मोर्शीवर आलेल्या टोळांची कुळकथाही या नकाशानेच सांगितली. २०१८ साली अरबस्तानच्या ओसाड वाळवंटात मे महिन्यात आणि ऑक्टोबरात अशी दोन वादळे येऊन गेली. माणूस नाही, गाव नाही, अशा जागी पाणी साचले, हिरवळ आली आणि टोळांची पैदास झाली. कोणी पाहायला नव्हते, म्हणून ठिपका नव्हता. तिथून ते येमेन, इराण, पाकिस्तान करीत राजस्थानात आले. मे २०२० मध्ये राजस्थानात खायला हिरवे उरले नव्हते, आणि बंगालच्या उपसागरातल्या अम्फान वादळामुळे पश्चिमेचा वारा जोरात होता. त्या वाऱ्याने त्यांना आपल्याकडे लोटले. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटींवर टोळ असू शकतात, आणि असा थवा एका दिवसात ३५ हजार माणसांचे अन्न खातो. एका बऱ्या तालुक्याच्या गावाचा दिवसाचा स्वयंपाक झाला की हो!

एक गोष्ट मला फार आवडली. टोळ कोवळा असतो तेव्हा गुलाबी दिसतो, अंडी घालण्याजोगा झाला की पिवळा होतो. आपल्याकडे आले ते गुलाबी. म्हणून जाणकारांनी सांगितले की हे इथे अंडी घालणार नाहीत, पावसाळी वारे सुरू झाले की राजस्थानाकडे परततील, तुम्ही पेरणीच्या तयारीला लागा. केवळ रंग नोंदल्यामुळे हे सांगता आले. रंग पाहायला काही पदवी लागत नाही. साडीच्या दुकानात आपण गुलाबी आणि राणी रंगातला फरक दुरून सांगतो.

नकाशावरून संकट ओळखण्याची युक्ती मात्र जुनीच आहे. १८५४ साली लंडनच्या एका मोहल्ल्यात पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने माणूस दगावलेल्या प्रत्येक घरी विचारपूस केली, आणि मोहल्ल्याच्या नकाशावर एकेका मृत्यूसाठी एकेक काळी रेघ ओढली. रेघा एका पाण्याच्या पंपाभोवती दाटल्या होत्या. पंपाची मूठ काढून टाकली गेली. त्या डॉक्टराजवळ संगणक नव्हता. दारोदार फिरून "तुम्ही पाणी कुठून आणता?" एवढे विचारण्याची चिकाटी होती.

आपल्या वऱ्हाडातही हे काम चालते. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भातले सोयाबीन फस्त केले होते, ते अनेकींना आठवत असेल. झाडाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. त्यानंतर २००९ पासून कृषी खात्याने कीड-रोग पाहणीचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी माणूस जातो, अळ्या मोजतो, आकडे संगणकात भरतो, आणि कीड कोणत्या भागात हाताबाहेर जाते आहे ते नकाशावर दिसते. मग सल्ला मोबाईलवर येतो. आपले अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही त्यात आहे. नागपूरला १९८८ पासून राज्य सरकारचे सुदूर संवेदन केंद्र आहे, तिथे उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार होतात. सगळे आहे. तरी २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्लीच. बोंड फोडल्याशिवाय ती अळी दिसत नाही, आणि उपग्रह काही बोंड फोडून पाहत नाही. वेचणीला गेलेल्या बायांच्या बोटांना ती आधी लागते.

आता लम्पीचे सांगते. ही गोष्ट आपल्याच पंचक्रोशीतली आहे, म्हणून कोणाचे नाव घेणार नाही, गावाचेही नाही.

२०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात महाराष्ट्रातले त्या वर्षीचे पहिले लम्पीचे जनावर सापडले. सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने पाहिले तर रावेरहून आपला अकोट-तेल्हारा भाग काही फार दूर नाही. बुलढाणा, अकोला, अमरावती, सगळीकडे रोग आला. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यापासून एका जनावराचा दुसऱ्याला लागतो. माणसाला लागत नाही. सरकारने सुरुवातीला असे ठरवले की जिथे आजारी जनावर सापडेल तिथून ५ किलोमीटरच्या आतल्या गावांतल्या गुरांना आधी लस द्यायची. नकाशावर त्या गावी ठिपका ठेवायचा, आणि परकाराने काढावे तसे भोवती वर्तुळ. वर्तुळाच्या आतल्या गावांना लस, बाहेरच्यांनी थांबायचे. लस थोडी होती आणि गुरे फार, तेव्हा यात गैर काही नव्हते.

नोंदलेल्या पहिल्या ठिपक्यापासून माझे सासर सात किलोमीटरवर. म्हणजे वर्तुळाच्या बाहेर. आम्ही निर्धास्त. एके सकाळी आत्याबाई दूध काढायला बसल्या आणि तिथूनच हाक मारली, "इकडे ये वं! गायीच्या मानेले हे गाठी कायच्या? काल सांजच्याले नोत्या." गायीला ताप होता, पाय सुजले होते, डोळ्यांतून पाणी. वासरू दोन महिन्यांचे, त्यालाही दोन दिवसांत गाठी आल्या. आम्ही त्याच दिवशी कळवले. डॉक्टर आले, उपचार झाले. गाय वाचली, तिचे दूध मात्र आटले ते आटलेच. वासरू पाचव्या दिवशी गेले. आत्याबाईंनी त्या दिवशी चूल पेटवू दिली नाही. सरकारने वासरामागे १६ हजार, बैलामागे २५ हजार, दुधाळ गायीमागे ३० हजार अशी मदत ठरवली होती, पंचनाम्यानंतर तीही मिळाली.

पुढे उमगले ते असे. सात किलोमीटरवरचा तो ठिपका आणि आमचे गाव यांच्या मधोमध एक वस्ती आहे, आमच्यापासून दोन किलोमीटरवर. तिथे एक बैल आधी आठ दिवसांपासून आजारी होता. मागच्या कोठ्यात बांधून ठेवला होता, कळवला नव्हता. तो कळवला असता तर दुसरा ठिपका तिथे पडता, आणि त्याच्या वर्तुळात आमचे गाव, आमच्या पलीकडची दोन गावे अशी सगळी येती. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा आमचे वासरू त्या आठ दिवसांनी वाचलेच असते असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण पलीकडच्या दोन गावांत नंतर जी गुरे पडली, त्यांना ते आठ दिवस मिळाले असते.

त्या घरची बाई मला दिवाळीनंतर भेटली. स्वतःहूनच बोलली. बैलाच्या पाठीवरची गाठ पहिल्या दिवशी तिलाच दिसली होती. कुटार टाकताना तिचा हात फिरला होता. तिने घरात सांगितले, तर उत्तर मिळाले, "तू चूप राय. नाव निंघालं तं उद्यापासून दूध कोन घेईन?" त्यांच्या घरी दोन दुभत्या गायी, आणि दुधाच्या पैशावर मुलीची शाळा. त्या दिवसांत अफवा अशा उठल्या होत्या की शहरात लोक दूधच घ्यायचे बंद झाले होते. दूध नीट उकळून घेतले तर काही भय नाही, हे सांगून सांगून डॉक्टरांचा घसा बसला, पण अफवेला पाय फार.

तिला मी बोल लावत नाही. त्या घरच्या धन्यालाही सगळा दोष देता येत नाही, पोटाची भीती खोटी नसते. पण एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. एवढे उपग्रह, एवढ्या कचेऱ्या, नागपूरचे केंद्र, रोमचा नकाशा, आणि ते सगळे एका बाईच्या तोंडाशी येऊन थांबले. ठिपक्यांची रांगोळी आपण सगळ्या काढतो. मधला एक ठिपका राहिला तर रेघ कुठे न्यायची ते कळत नाही, कितीही हात बसलेला असो.

कळवायचे हे केवळ चांगुलपण नव्हे, कायदाही आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दल २००९ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात मालकाने रोगाचा संशय येताच कळवावे असे सांगितले आहे. मालक म्हणजे कोण, हा आपल्या बायकांचा जुना प्रश्न. पाणी पाजते, शेण काढते, धार काढते ती मालक नव्हे. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे, इथे बसलेल्यांपैकी किती जणींची नावे लागली ते ज्याचे त्याने मनात मोजावे. मात्र कळवायला सातबारा लागत नाही. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा बिनपैशाचा नंबर आहे, तो लावणाऱ्याला कोणी उतारा मागत नाही.

नकाशा चुकला तर काय होते तेही ऐका. २००१ साली इंग्लंडात गुरांना तोंडखुरीची मोठी साथ आली. तिकडे बाधित शेताला लागून असलेल्या शेतांवरचीही गुरे मारून टाकायची असे ठरले, आजार असो वा नसो. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली. नंतर तपासात दिसले की पुष्कळ ठिकाणी रोग नव्हताच. एकेका शेतकऱ्याच्या जमिनी चार ठिकाणी विखुरलेल्या, आणि कागदात मात्र घराचा पत्ता. गुरे भलतीकडे, ठिपका भलतीकडे. आपल्याकडे तसे गुरे मारणे झाले नाही, होऊही नये. पण ठिकाण चुकीचे नोंदले असेल तर नकाशा आंधळ्या माणसाच्या हातातल्या कोयत्यासारखा.

आमच्याही गोठ्यात असेच निघाले. गायीच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे. डॉक्टरांनी ते मोबाईलमध्ये घातले तर गाय निघाली अमरावती जिल्ह्यातल्या एका गावची! तिथूनच ती विकत घेतली होती आणि विकणाऱ्याने नोंद बदलून दिली नव्हती. आमच्या खुंट्याला बांधलेली गाय नकाशात चाळीस किलोमीटर लांब चरत होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे नोंद आमच्या नावावर केली, पाच मिनिटांचे काम. पिकाचेही तसेच. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे, वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा म्हणजे ते पीक त्या गटात नोंदले जाते. घरातली पुरुषमंडळी "उद्या करू" म्हणतात आणि मुदत निघून जाते. पुढे अतिवृष्टी झाली की वावरात तूर आणि कागदात पडीक! डवरणीला, निंदणीला आपण वावरात जातोच, पोरीचा मोबाईल बरोबर न्यावा.

आता मंडळाने काय केले ते सांगून पुरे करते. गेल्या महिन्यात आपण गावाचा गटनकाशा मिळवला आणि मंडळाच्या खोलीत लावला. पहिल्या दिवशी कोणालाच त्यात आपले घर सापडेना. मग एकीने नाला ओळखला, दुसरीने नाल्यावरून देऊळ, आणि तासाभरात पोरीबाळींसकट सगळ्या जणी आपापल्या वावरावर बोट ठेवून भांडत होत्या, की बांध इकडून आहे की तिकडून! शंभर रुपयांची मोठी वही आणली आहे. त्यात घराप्रमाणे एक पान, पानावर जनावरे, त्यांच्या बिल्ल्यांचे नंबर, गट नंबर आणि घरातल्या बाईचा मोबाईल नंबर. बाईचाच, हे आपण ठरावाने लिहून ठेवले आहे. कोणाच्या गोठ्यात काही वेगळे दिसले आणि घरात बोलायची चोरी असली, तर तिने मंडळात येऊन सांगावे. फोन मंडळातर्फे जाईल, कोणी सांगितले ते वहीत लिहिले जाणार नाही. वस्तीवरच्या त्या बाईला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "आमची वस्ती तुमच्या मंडळात येते काय?" येत नव्हती. आता येते. तिच्या घरचे पान सतरावे आहे.

एकसष्ट घरांची पाने अजून कोरी आहेत. बारा आकडे कोणाच्या पाठ नसतात, तेव्हा उद्या सकाळी धार काढताना पोराला कागद-पेन्सिल घेऊन जवळ उभे करावे आणि वाचून लिहून घ्यावेत. काळ्या म्हशींचे बिल्ले मळतात, ते आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. वही परवापर्यंत इथेच टेबलावर आहे.